बागवान मॅडमचे आठ सेकंद

आमच्या कॉलेजात प्राचार्यांना बोलता बोलता थांबवू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसायची. नसीमा बागवान, स्टोअरकीपर. मल्टिमीटर, हातमोजे, सोल्डरिंगची तार, पान्हे, हे सगळं सही घेऊन द्यायचं आणि खात्री करून परत घ्यायचं, एवढंच त्यांचं कागदावरचं काम. पण कॉलेजात बोलण्याची कुठलीही स्पर्धा असली, मग ती जुन्या वळणाची वक्तृत्व स्पर्धा असो की हल्ली दर पंधरा दिवसांनी उगवणारी स्टार्टअपची पिच स्पर्धा, वेळ पाहायला बागवान मॅडमच. त्यांना या कामावर कधी आणि कुणी नेमलं हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना काढायची हिंमतही कुणात नव्हती.

त्यांची घंटा म्हणजे सायकलची घंटी होती. सागवानी ठोकळ्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली. त्यांच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता, आणि ते ज्या सायकलवरून पहाटे गाळ्यावर जायचे तिची ही घंटी. सायकल केव्हाच मोडीत गेली, घंटी राहिली. चार मिनिटं झाली की एकदा ट्रिंग, पाच झाली की दोनदा. त्यानंतरही बोलणारा थांबला नाही तर मॅडम वाजवतच राहायच्या. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. गर्दीतून सायकल काढणारा माणूस जसा वाजवत राहतो तशा.

एका उद्‌घाटनाला प्रमुख पाहुण्यांना दहा मिनिटं दिली होती. पाहुणे अकराव्या मिनिटाला स्वतःच्या बालपणापाशी पोचले आणि ट्रिंग ट्रिंग झालं. पाहुणे हसले, सभागृह हसलं, पाहुण्यांनी बालपण पुढे चालू केलं. पुन्हा ट्रिंग ट्रिंग. प्राचार्यांनी मॅडमना हातानं "राहू द्या" अशी खूण केली. मॅडमनी हातानंच भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. पाहुण्यांना शेवटी चौथीतूनच परतावं लागलं. नंतर प्राचार्य स्टोअरमध्ये आले तेव्हा म्हणे मॅडम एवढंच बोलल्या, "सर, पोरांना थांबवायचं आणि मोठ्यांना थांबवायचं नाही, असं असेल तर घंटा तुमच्याकडेच ठेवा. मी टाळ्या वाजवते."

हे मी ऐकलेलं. पाहिलेलं आता सांगते.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही म्हणजे मी आणि वैभव. मी कोथरूडची, वैभव भंडाऱ्याचा. त्याचं डोकं यंत्रात चालायचं आणि तोंड सगळीकडे. त्यानं एक मीटर बनवला होता. आपल्याकडे सोसायट्यांना टँकर येतो, ड्रायव्हर सांगतो दहा हजार लिटर, आपण मान डोलावतो. खरंच किती पाणी टाकीत पडलं हे देवाला आणि ड्रायव्हरला ठाऊक. वैभवचा मीटर टँकरच्या पाइपला लावला की पडलेलं पाणी मोजून सेक्रेटरीच्या मोबाइलवर आकडा पाठवायचा. मी त्यातलं मोबाइलचं काम केलं होतं. शिवाय स्लाइड पुढे सरकवायचं.

कॉलेजच्या मोठ्या पिच स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या गटाला वर्षभर कॅम्पसवर एक खोली आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळणार होता. माझ्यासाठी ती गंमत होती. वैभवसाठी नव्हती. त्याच्या वडिलांनी गावाजवळच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "ही एक स्पर्धा कर. जिंकलास तर राह्य पुण्यात. नाही तर शेवटचा पेपर झाला की गुमान घरी ये," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि वैभवनं स्पीकर चालू ठेवल्यामुळे ते मीही ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही एका छोट्या स्पर्धेत आपटलो. पाच मिनिटं संपली तेव्हा वैभव प्रस्तावनेतच होता. घंटी वाजत राहिली, तो बोलत राहिला, शेवटी सायकल जिंकली. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर परत द्यायला आम्ही स्टोअरच्या खिडकीशी गेलो. खिडकीच्या वर मॅडमच्या अक्षरात पाटी होती: "घेतलेली वस्तू चालत नसल्यास सांगावे. आम्हाला आधीच माहीत असते."

मॅडमनी मल्टिमीटर उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काल टँकरवाले तुम्हीच ना? किती सोसायट्या तयार झाल्यात?"

"पुष्कळ," वैभव म्हणाला.

"पुष्कळ म्हणजे किती?"

"म्हणजे बऱ्याच जणांशी बोलून राहिलो, मॅडम."

"बोलून राहिलास. कुठे राहिलास? आकडा सांग."

वैभवनं माझ्याकडे पाहिलं. मी मल्टिमीटरकडे पाहिलं. "तीन," तो म्हणाला.

"मग तीन म्हण की. तीनला काय लाज आहे? कुणी हसलं तर मोजून घे, किती हसले." आणि मल्टिमीटर कपाटात ठेवून त्या म्हणाल्या, "पाच ते सहा मी मोकळी असते. येताना मीटर आणा. लॅपटॉप नको."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. नंतर कळलं की ती कुणासाठीही खुली होती. परीक्षक दर वेळी बदलायचे, मॅडम मात्र त्याच असायच्या. वर्षानुवर्षं सगळं ऐकून त्यांना दुसऱ्या मिनिटालाच कळायचं की या गटाचं काय होणार. ते त्या कधी सांगायच्या नाहीत. पण पाच ते सहा या वेळेत स्टोअरमधल्या लोखंडी स्टुलावर जो येऊन बसेल त्याला चहा आणि बोलणी दोन्ही मिळायची. लोक फारसे यायचे नाहीत. स्टोअरकीपरकडून पिच कोण शिकतं? कॉलेजनं बाहेरून मोठमोठे मार्गदर्शक आणलेच होते. ते आम्हाला स्लाइडचे रंग शिकवायचे.

मॅडमना स्लाइडचं वावडं होतं. "सगळे भिंतीकडे बघणार. मग तू कशाला उभा?" त्या विचारायच्या. त्यांचा सगळा भर शब्दांवर. पहिल्याच दिवशी वैभव उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही दर उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईनं हैराण होतो."

"तुम्ही होता. बरं. मग मी चहा पिऊन घेऊ?"

वैभवला कळेना. मलाही कळेना.

"अरे, 'आम्ही' म्हटलंस की ऐकणारा बाहेर. तोंडावर दार लावलंस त्याच्या. त्याच्या घरी टँकर येत नाही का? 'आपण' म्हण. म्हणजे तोही आत येतो." मग बोटं दुमडत त्यांनी आम्हाला त्यांचं व्याकरण सांगितलं. "अडचण सांगताना 'आपण'. काम सांगताना 'आम्ही'. आणि चूक सांगताना 'मी'. या तिघांची अदलाबदल झाली की माणूस पडतो. चोवीस वर्षं बघतेय. चूक झाली की सगळे 'आपण' म्हणतात, आणि काम झालं की 'मी'."

इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'वी' पुरतो, त्यामुळे आमच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणून मॅडमचा हट्ट असायचा की आधी मराठीत बोला, मग काय करायचं ते करा. पुढे वैभवनं अंतिम फेरीतही मराठीच ठेवली. नियमात बसत होतं.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'फोड'. हा थेट मंडईतून आलेला. लहानपणी शाळा सुटली की त्या वडिलांच्या गाळ्यावर बसायच्या. "अब्बा कधी 'पपई गोड आहे' म्हणायचे नाहीत. गोड आहे असं तर सगळेच म्हणतात. ते फोड कापायचे आणि हातावर ठेवायचे. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, गोड आहे. एकदा गिऱ्हाइकानं म्हटलं की झालं. स्वतःच्या तोंडाला कोण खोटं पाडतं?" मग आमच्याकडे वळून विचारायच्या, "तुमची फोड कुठाय?"

आमची फोड त्यांनीच शोधली. दोन बादल्या. एकीतून दुसरीत पाणी मीटरमधून सोडायचं. पण आधी परीक्षकांना विचारायचं, या बादलीत किती पाणी असेल? त्यांना चुकू द्यायचं. मग मीटर दाखवायचा. बादल्या स्टोअरमधूनच मिळाल्या. अर्थात सही घेऊन.

माझी शिकवणी वेगळी होती. उलटतपासणीत मला काही विचारलं की मी काहीतरी ठोकून द्यायचे. मॅडम म्हणाल्या, "'माहीत नाही' म्हण."

"पण मॅडम, ते बरं दिसत नाही."

"कोथरूडची ना तू? तुमच्याकडे पत्ता विचारला तरी चुकीचा सांगतील, पण माहीत नाही म्हणणार नाहीत. म्हण दहा वेळा. माहीत नाही, शोधून सांगते." मी दहा वेळा म्हटलं. सहाव्या वेळेपासून जरा हलकं वाटायला लागलं. वैभवला हे मुळातच जमायचं. त्याचं दुखणं दुसरं होतं. तो आकडे फुगवायचा. आम्ही एक ऑनलाइन फॉर्म फिरवला होता, त्यात हॉस्टेलच्या मुलांनी, माझ्या मावश्यांनी आणि वैभवच्या अख्ख्या गावानं "हो, उपयोगी आहे" यावर खूण केली होती. झाले दोनशे. वैभवच्या तोंडी ते लगेच "दोनशे सोसायट्या उत्सुक आहेत" असं व्हायचं. आणि फुगवायच्या आधी तो न चुकता म्हणायचा, "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे..." त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. मॅडमना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी त्याच्या कागदावरचं ते वाक्य लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, "तीन."

शिवाय त्यांनी आम्हाला एक वही करायला लावली. तिचं नाव 'नाही'. ज्या सोसायटीनं नकार दिला तिचे शब्द जसेच्या तसे त्यात लिहायचे. "हो म्हणणारे तुमच्याकडे बघून म्हणतात. लेकरं उन्हातून आलीत म्हणून. नाही म्हणणारे मीटरकडे बघून म्हणतात. तेच कामाचं." त्या वहीतलं पहिलं पान आमच्याच गल्लीतल्या एका चेअरमनकाकांचं आहे. ते दारातूनच म्हणाले, "टँकर मोजून काय करणार? कमी भरला तर तो टँकरवाला उद्यापासून येणार नाही. तुम्ही येणार का बादल्या घेऊन?" मला राग आला होता. मॅडमनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हा माणूस तुमचा गुरू आहे. त्याला उत्तर शोधा." आम्ही शोधलं. सहा-सात सोसायट्यांनी एकत्र येऊन टँकर ठरवला तर टँकरवाला सगळ्यांना सोडून जाणार नाही. आमच्या कामाला खरं वळण मिळालं ते त्या नकारामुळे.

अंतिम फेरीचा दिवस आला. मॅडम व्यासपीठाच्या उजव्या बाजूला, टेबलावर घंटी, समोर घड्याळ. सकाळी आम्ही नमस्कार केला तर ओळख नसल्यासारख्या म्हणाल्या, "गट क्रमांक?" स्पर्धेच्या दिवशी त्या कुणाच्याच नसायच्या.

आमच्या आधीच्या गटानं पडद्यावर भलेमोठे आकडे झळकवले. हजारो वापरणारे, शहरंच्या शहरं. टाळ्याही जोरात पडल्या. विंगेत वैभवचा चेहरा उतरला. "तीन म्हणू का बे मी? हे ऐकल्यावर? बाबा गाडीत बसवूनच नेतील मला," तो पुटपुटला. मी म्हटलं, मॅडमनी काय सांगितलंय ते आठव. त्यानं मान हलवली, पण ती हो होती की नाही हे मला कळलं नाही.

सुरुवात झकास झाली. "आपण" बरोबर पडलं. बादली पुढे आली. एक परीक्षक म्हणाले पंधरा लिटर, दुसऱ्या म्हणाल्या अठरा. मीटरनं सांगितलं अकरा. सभागृहात हशा झाला आणि फोड गोड लागली हे आम्हाला कळलं. चार मिनिटांची एक घंटी झाली. वैभव शेवटाकडे आला. मी लॅपटॉपवर वेळ लावली होती, तिच्यावर माझा डोळा होता. आणि मला ऐकू आलं, "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे..."

 तो दोनशे म्हणणार होता.

ट्रिंग ट्रिंग.

वैभव थांबला. घंटी वाजली की अर्ध्या शब्दावर थांबायचं, हे त्याच्या अंगात मुरवलेलं होतं. माझ्या पडद्यावर अजून आठ सेकंद शिल्लक होते. मी मॅडमकडे पाहिलं. त्या ओढणीच्या टोकानं घंटी पुसत होत्या आणि कुणाकडेच बघत नव्हत्या.

प्रश्न सुरू झाले. अठरा लिटरवाल्या परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "अहो, तुमची आनंदाची गोष्ट राहिली की. सांगा ना. किती सोसायट्या तुमच्याबरोबर आहेत?"

वैभवनं मॅडमकडे एकदा पाहिलं. मोठा श्वास घेतला. "तीन," तो म्हणाला. "चौथीनं हाकललं. पाचवीचे चेअरमन अजून विचार करून राहिले."

"का हाकललं?"

मग त्यानं खिशातून 'नाही'ची वही काढली आणि चेअरमनकाकांचं वाक्य वाचून दाखवलं. परीक्षकांनी वही मागून घेतली आणि आपापसांत वाचत बसले. पुढचे सगळे प्रश्न त्या वहीवरच झाले. एक प्रश्न माझ्याकडे आला, मी "माहीत नाही, शोधून सांगते" म्हणाले आणि छत कोसळलं नाही. निकाल सांगताना बाई म्हणाल्या, मोजायचं यंत्र करणारी मुलं आधी स्वतःचं नीट मोजून आली होती, म्हणून पहिला क्रमांक यांचा. वैभवनं तिथूनच वडिलांना फोन लावला आणि पहिली दोन मिनिटं नुसता रडला. पलीकडे वडिलांना वाटलं, हरला. ते त्याची समजूत घालत होते.

संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन स्टोअरमध्ये गेलो. मी न राहवून म्हणाले, "मॅडम, घंटी आठ सेकंद आधी वाजली."

"हो," त्या म्हणाल्या. "आठच."

"मुद्दाम?"

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा. ह्याच्या तोंडून ते वाक्य निघू द्यायचं नव्हतं मला." आणि वैभवकडे बघून, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर लवकर बोल. मी चार मिनिटांच्या आत वाजवू शकत नाही."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या आमच्या आधीच संयोजक सरांकडे जाऊन हे सांगून आल्या होत्या. सर म्हणाले होते, तुमच्याच पोरांचं नुकसान केलंत, आठ सेकंदांनी काय होतंय, सोडा. पण आठ सेकंदांनी काय होतंय, हे मॅडमना कुणी विचारावं याचंच त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "तुझे आठ सेकंद माझ्याकडे आहेत, वैभव. देईन कधीतरी." मला तेव्हा हा विनोद वाटला. मी मूर्ख होते.

दीड वर्षानं मी खराडीत नोकरी धरली. वैभव टँकरमागे फिरत राहिला. मधून मधून फोन व्हायचे. तो सोसायट्यांचा आकडा सांगायचा आणि मी विचारायचे, "पुष्कळ म्हणजे किती?"

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेले. तेच सभागृह. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं. घंटी कोण वाजवणार हा प्रश्न आला तेव्हा मॅडमनी ठोकळा उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. "तू स्लाइड वेळेवर सरकवायचीस," एवढंच म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी प्राचार्यांना थांबवलं. 

शेवटी मॅडम उभ्या राहिल्या. स्टोअरबद्दल बोलल्या, न परतलेल्या सतरा पान्ह्यांबद्दल बोलल्या आणि ते कुणाकडे आहेत हे माहीत असल्याचंही सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं.

"माझे आठ सेकंद उरलेत. ते माझे नाहीत. वैभव, उठ. तुझी आनंदाची गोष्ट अर्धी राहिली होती. बोल."

वैभव मागच्या रांगेत होता. तो उभा राहिला. 

"मॅडम," तो म्हणाला, "आपल्या सत्तेचाळीस सोसायट्या झाल्या. मोजून."

"'आपल्या' नाही," मॅडम म्हणाल्या. "काम सांगताना काय?"

"आपल्याच, मॅडम."

  मॅडमनी चष्मा काढला आणि घंटी पुसायच्या तसाच ओढणीच्या टोकानं पुसत राहिल्या.  माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवायला काही नाही.

मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "अकरा सेकंद झाले. घंटा कुणी वाजवायची?"

मी वाजवली. दोनदा.